दोन इंचांचा बाजार

स्टॉक थारला लिफ्ट किट बसवणे ही पैशाची नासाडी आहे. प्रश्न एवढाच असता तर मी गप्प बसलो असतो, कारण पैसे ज्याचे त्याचे. पण वाढवलेल्या दोन इंचांचा भुर्दंड गाडीमालक एकटा भरत नाही. बोरघाटाच्या उतारावर त्याच्या शेजारून जाणाऱ्या छोट्या गाडीतले कुटुंबही तो भरते, आणि त्यांना कुणी विचारलेले नसते. म्हणून हे बोलायला हवे, आणि मऊ शब्दांत बोलून भागणार नाही.

पुणे घ्या, नाशिक घ्या, ठाणे घ्या. नवी कोरी गाडी शोरूममधून निघते ती थेट मॉडिफिकेशनच्या गॅरेजात जाते. चाकाला अजून चिखल लागलेला नसतो. फोर-लोचा दांडा एकदाही ओढलेला नसतो. तरी मालकाचा निकाल तयार असतो: कंपनीचं सस्पेन्शन कमी पडतं. कुठे कमी पडले, कोणत्या चढावर, कोणत्या ओढ्यात, हे विचारले की उत्तर येत नाही. गॅरेजवाला त्याला एवढेच सांगतो, "साहेब, दोन इंच टाकून देतो, मग बघा गाडी कशी दिसते!" तो दिसण्याबद्दल बोलतोय आणि खरे बोलतोय. त्याला क्षमतेचा मुलामा मालक स्वतः चढवतो.

2020 च्या ऑक्टोबरात जी थार बाजारात आली, तिचा ग्राउंड क्लिअरन्स 226 मिलिमीटर आहे. पुढचा चढाईचा कोन 41.8 अंश, मागचा 36.8 अंश. 650 मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते. लो रेंज आहे, शिवाय काही मॉडेलांत मागचे डिफरेन्शियल लॉक होते, म्हणजे एक चाक हवेत लटकले तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहते. पुढे डबल विशबोन, मागे कॉइल स्प्रिंगवर अखंड एक्सल. हे सगळे एकमेकांशी जुळवलेले आहे. स्प्रिंगचा ताठरपणा, शॉकअपचा जोर, बुशची मऊ-कठीण जात, स्थिरता राखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची (ईएसपीची) गणिते, सगळे एका उंचीसाठी ठरवलेले. त्यातला एक आकडा कुणीतरी शनिवारी दुपारी जॅक लावून बदलतो, आणि बाकीचे सगळे आपोआप जुळून येईल असे गृहीत धरतो.

लिफ्टवाल्यांचा पहिला दावा: गाडी खाली घासणार नाही. यात अर्धेच सत्य आहे. थारचा मागचा एक्सल एकसंध आहे आणि डिफरेन्शियलचा गोळा त्याच एक्सलवर बसलेला आहे. तुम्ही स्प्रिंगमध्ये दोन इंच घाला नाहीतर चार, तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण त्याची उंची टायर ठरवतो. उंच होते ती फक्त वरची बॉडी आणि चासी. ओढ्यातला धोंडा लिफ्टच्या आधी जिथे लागत होता तिथेच नंतरही लागणार. गोळा उचलायचा तर टायर मोठा हवा, आणि तिथेही हिशेब कंजूष आहे. कंपनीचा 255/65 आर 18 टायर सुमारे 789 मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याजागी 33 इंची, म्हणजे 838 मिलिमीटरचा घातला तर एक्सल उचलला जातो फक्त 25 मिलिमीटरने. त्या इंचभरासाठी चाकाचे वजन वाढते, गिअरिंग सहा टक्क्यांनी लांबते, चढावर इंजिनला जास्त ताण पडतो आणि स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 106 ने पळत असते.

दुसरा दावा ट्रॅव्हलचा. चाक जास्त खाली-वर जाईल, म्हणून जमीन सोडणार नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. स्वस्त किट म्हणजे बहुतेकदा स्पेसर, धातूची किंवा पॉलियुरेथेनची एक जाड चकती. ती स्प्रिंगवर घातली तर शॉकअपची एकूण लांबी तेवढीच राहते. गाडी वर बसते, म्हणजे चाकाला खाली जायला उरलेली जागा उलट कमी होते. खड्ड्यात जे चाक आधी जमिनीला टेकत होते ते आता लवकर लटकते. चकती शॉकअपच्या माथ्यावर, बॉडीच्या बाजूला बसवली तर चाक खाली जाते खरे, पण बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटला ज्या कोनात फिरायला बनवलेलेच नाही त्या कोनात फिरावे लागते. सीव्हीचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जाते, माती आत शिरते, आणि पूर्ण स्टिअरिंग मारून चढ घेताना कटकट आवाज यायला लागतो. तोवर किट विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाला हीच चकती विकत असतो.

एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो. दोन्ही एक्सलच्या मधला पोटाचा कोन लिफ्टने वाढतो. 2450 मिलिमीटर व्हीलबेसवर दोन इंचांनी तो चार-पाच अंश जास्त मिळतो. उभ्या बांधावरून उतरताना ज्याच्या गाडीचे पोट खरोखर टेकले आहे, आणि वाट बदलून, कोन बदलून, दगड रचूनही टेकले आहे, त्याने हा युक्तिवाद करावा. बाकीच्यांनी करू नये.

आता रस्त्यावर या, कारण या गाड्या आयुष्यातला बहुतेक काळ रस्त्यावरच घालवतात. एखाद्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर 1520 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 700 मिलिमीटर धरा. निम्मी रुंदी भागिले उंची, उत्तर 1.09 च्या आसपास. उंची 50 ने वाढवली की तेच 1.01 वर येते. गाडी कलंडायला लागणारा आडवा जोर जवळपास सात टक्क्यांनी घटला. शांत हातांनी चालवताना हे जाणवत नाही. जाणवते ते एक्स्प्रेस वेवर पुढचा ट्रक अचानक लेन बदलतो तेव्हा, हात झटक्यात डावीकडे आणि लगेच उजवीकडे जातात त्या क्षणी. त्या क्षणासाठी कंपनीने ईएसपी दिलेले आहे, आणि त्याची गणिते जुन्या उंचीवर, जुन्या टायरवर मांडलेली आहेत. ग्लोबल एनकॅपने 2020 मध्ये क्रॅश चाचणीत थारला चार तारे दिले ते स्टॉक गाडीला दिले. चकत्या घातलेल्या गाडीला ते लागू होत नाहीत.

समोरच्याचे काय होते, हे तर कुणी बोलतच नाही. टक्कर होते तेव्हा दोन्ही गाड्यांचे आघात शोषणारे भाग साधारण एका पातळीवर भेटायला हवेत. चासीवर बांधलेली जड गाडी आधीच छोट्या हॅचबॅकपेक्षा वर असते. तिला आणखी वर न्या, तिच्या नाकावर लोखंडी बंपर ठोका, म्हणजे ती समोरच्या गाडीच्या मजबूत भागाला चुकवून वरच्या कमकुवत भागात घुसणार. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली, आणि ती हमखास उचलतात, तर हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. बॉनेटपुढचा न दिसणारा टापू वाढतो, आणि सोसायटीच्या आवारात लहान मुले त्याच टापूत खेळत असतात. हे सगळे कशासाठी? सिग्नलला शेजारच्याने मान वर करून बघावे म्हणून. मला याचा संताप येतो आणि तो लपवायचे मला कारण दिसत नाही.

जिम्नीवाल्यांनीही सुटल्याचा आनंद मानू नये. 2023 मध्ये आपल्याकडे आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहेत. ती उचलली की पॅनहार्ड रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो आणि पुढचा कॅस्टर कोन कमी होतो. कॅस्टर घटला की स्टिअरिंग आपणहून सरळ यायचे विसरते. ताशी 90 वर गाडी रस्ता हुंगत फिरायला लागते. यावर उपाय आहेत: लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड, कॅस्टर दुरुस्त करणारे बुश, लांब ब्रेक होज. पण हे सगळे घातले की खर्च किटच्या कितीतरी पट होतो, म्हणून ते घातले जात नाही. चकती तेवढी घातली जाते.

आणि सगळ्यात कहर पाहायचा असेल तर जानेवारी 2023 मध्ये आलेल्या टू-व्हील ड्राइव्ह थारला लिफ्ट आणि मड टायर लावलेले पाहा. तिच्या पुढच्या चाकांपर्यंत इंजिनची ताकद पोहोचतच नाही. ओल्या गवताच्या उतारावर ती मागची चाके फिरवत उभी राहणार, फक्त दोन इंच वर उभी राहणार. हा शौक नव्हे, खोटेपणा आहे.

सह्याद्रीत गाडी अडते कशाने, हे ज्यांनी मुळशीत, भोरला, वेल्ह्यात पावसाळा काढला आहे त्यांना ठाऊक आहे. तांबड्या चिकट मातीने टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. भातखाचराच्या कडेला जमीन वरून कडक आणि आतून पोकळ असते. ओढ्यातले गोटे शेवाळलेले असतात. यातल्या एकाही ठिकाणी अडचण उंचीची नसते. अडचण पकडीची असते, आणि पकड टायर देतो, टायरमधली हवा देते, पायाखालच्या एक्सिलरेटरचा संयम देतो. नेहमीच्या 30-32 पीएसआयवरून हवा 18 वर आणा. टायर पसरतो, जमिनीवरचा ठसा लांबतो, तो दगडाला कवेत घेतो. जी चढण दोनदा नाकारली ती गाडी गपचूप चढून जाते. या बदलाला खर्च हवा मोजायच्या गेजचा, आणि रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरणाऱ्या छोट्या कंप्रेसरचा. यात गॅरेजला काही मिळत नाही, म्हणून गॅरेज हे सांगत नाही.

आपल्याच घाटमाथ्यावर पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, जीपांनी किती वर्षे काढली हे आठवा. टपावर माणसे, मागच्या फळीवर लटकलेली माणसे, आत पोती, आणि पुढे चिखलात चाकोरी ओळखणारा एक अनुभवी ड्रायव्हर. ती वाहतूक धोक्याची होती, तिचे गुणगान मला करायचे नाही. पण त्या ड्रायव्हरला कोणता दगड डाव्या चाकाखाली घ्यायचा हे कळत होते. आज लाखोंच्या गाडीत बसलेल्याला ते शिकावेसे वाटत नाही. इगतपुरीजवळ महिंद्राने खास ऑफ-रोड प्रशिक्षणासाठी ट्रॅक उभारला. तिथे दिवस घालवण्याऐवजी लोक तोच पैसा चकत्यांवर घालतात, आणि मग उंच गाडीला साजेसे काहीतरी हवे म्हणून कातळी सड्यांवर चाके फिरवतात. पावसाळ्यात तिथल्या इंचभर मातीवर जे उगवते ते जगात फार थोड्या ठिकाणी उगवते, आणि मड टायरच्या एका फेरीत ते उखडले जाते.

सस्पेन्शनला हातच लावू नये, असे मी म्हणत नाही. ज्याने पुढे विंच आणि पोलादी बंपर बसवला आहे, त्याच्या पुढच्या स्प्रिंगवर ऐंशी-शंभर किलो कायमचे चढले आहेत. त्याला जास्त भार पेलणारी स्प्रिंग लागते, आणि ती लागते बसलेली गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणण्यासाठी. टपावर तंबू, मागे पाणी आणि डिझेल घेऊन जो स्पितीला किंवा लडाखला जातो, त्याला चांगले शॉकअप लागतात. खडबडीत रस्त्यावर तासन् तास हादरे खाऊन कंपनीच्या शॉकअपमधले तेल तापते, पातळ होते, आणि गाडी उसळायला लागते. तिथे मोठ्या व्यासाचे, जास्त तेल मावणारे शॉकअप घ्या, महागातले घ्या, मी आडवा येणार नाही. जुन्या, 2010 च्या थारच्या मागच्या पाट्यांनी ज्याची पाठ मोडली त्याने पाटे बदलले तर तो शहाणपणा आहे. स्पर्धेसाठी, ट्रेलरवर लादून नेण्यासाठी बांधलेल्या गाडीचे नियम वेगळे आहेत. गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरणाऱ्या गाड्या ऑफिसला जात नाहीत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: आधी गरज आली, मग तिचे मोजमाप झाले, मग भाग बदलला.

कायद्याचेही सांगतो, कारण गॅरेजवाले "काही होत नाही" म्हणतात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आरसीतल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांत तफावत पडेल असा बदल करायला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला चकती दिसतेच.

तरीही ज्याला गाडी उचलायचीच आहे त्याने गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात. उचलल्यानंतर कॅस्टर, कॅम्बर आणि टो किती असेल, आणि त्याचा छापील अलाइनमेंट रिपोर्ट देणार का? चाक पूर्ण लटकलेले असताना सीव्ही जॉइंटचा कोन आणि ब्रेक होजचा ताण कोण तपासणार? हेडलाइट पुन्हा कोण सेट करणार? पुण्यात मी हे प्रश्न विचारले आहेत. बहुतेक ठिकाणी विषय तिथल्या तिथे बदलला गेला, आणि एका मोठ्या, चकचकीत गॅरेजात मला सांगण्यात आले की गिऱ्हाईक असले काही विचारत नाही.