गव्हर्नरांची मुलगी

वंशवेल वर चढू लागली की ती हमखास एखाद्या वाड्याची भिंत शोधते. झोपडीच्या कुडावर चढलेली वंशवेल मी तरी अजून पाहिलेली नाही. आपल्याकडचे कुलवृत्तान्त उघडून पाहा. मूळपुरुषाला कुठे तरी इनाम मिळालेले असते, नाही तर निदान स्वप्नात दृष्टान्त तरी झालेला असतो.

अमेरिकन माणूस या बाबतीत निराळा असेल, असे आपल्याला वाटते. ज्या देशाने सरदारक्या बहाल करायला राज्यघटनेतच मनाई केली, त्या देशातल्या माणसाला खापरपणजोबांचे एवढे काय अगत्य? पण छे! तिथला नाद आपल्याहून जबर. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून जे १०२ प्रवासी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले, त्यांच्या वंशजांनी १८९७ साली रीतसर संस्थाच काढली. पुरावा दाखवल्याशिवाय तिथे सभासद होता येत नाही. (त्या किनाऱ्यावर वाम्पानोआग लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आद्य अमेरिकन म्हणायचे तर तेच; पण ते जहाजाने आले नव्हते!) मौज अशी, की बारा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाला त्या एका पिढीतच ४०९६ पूर्वज निघतात. त्यांतला एक जहाजावर होता, एवढ्यावर हा सारा दिमाख.

त्या जहाजावर जॉन हौलंड नावाचा एक तरुण होता. पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या पदरचा तो नोकर. भर वादळात हा गडी डेकवर आला आणि लाटेने सरळ समुद्रात फेकला गेला. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता, तो त्याने पकडला आणि पाण्याखाली गेला तरी सोडला नाही. शेवटी खलाशांनी आकडी घालून त्याला वर ओढले. पुढे त्याचे लग्न झाले, दहा मुले झाली आणि त्या काळाच्या मानाने नवल म्हणजे दहाही वाढली, मोठी झाली. फ्रँक्लिन रूझवेल्ट आणि बुश पितापुत्र हे तीन अध्यक्ष त्याच्याच वंशातले. तो दोर हातातून सुटता तर केवढी उलथापालथ झाली असती!

आता इतक्या मोठ्या घराण्याचा मूळपुरुष नोकर असून कसे चालेल? तेव्हा वंशजांत परंपरा रूढ झाली, की हौलंडने गव्हर्नर कार्व्हरांच्या मुलीशीच लग्न केले. धन्याची कन्या आणि इमानी सेवक! कादंबरीकाराला याहून काय हवे? प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत हौलंडच्या नावाचा जो दगड उभारला, त्यावरही हेच कोरले. दगडावर कोरलेले खोटे कोण म्हणणार?

ते खोटे ठरवले एका हस्तलिखिताने. कार्व्हरांनंतर गव्हर्नर झालेले विल्यम ब्रॅडफर्ड यांनी वसाहतीची हकीकत स्वहस्ते लिहून ठेवली होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ती बोस्टनमधून नाहीशी झाली. पुढे इंग्लंडमधल्या एका धर्मगुरूच्या ग्रंथात काही उतारे दिसले. ते ब्रॅडफर्डचेच, हे जाणत्यांनी ओळखले, आणि १८५५ साली लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात मूळ बाड सापडले. पुढच्याच वर्षी ते छापले गेले. जुन्या पोथ्यांच्या मागे हिंडणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रसंग ऐकूनच हेवा वाटतो.

ब्रॅडफर्डने शेवटी प्रवाशांची यादी दिली आहे आणि तीस वर्षांनंतर कोणाचे काय झाले, तेही लिहिले आहे. कार्व्हर नवरा-बायको निपुत्रिक वारले. हौलंडने लग्न केले ते जॉन टिली यांच्या एलिझाबेथशी. ही पोर तेव्हा तेरा वर्षांची. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे प्रवासी दगावले, त्यांत तिचे आईवडील गेले आणि सोबत आलेले काका-काकूही गेले. एका आईबापाविना उरलेल्या पोरीला वंशजांनी गव्हर्नरांच्या घरात दत्तक देऊन टाकले होते आणि तिच्या खऱ्या बापाचे नाव पुसले होते. आपल्या वंशावळींत तरी दुसरे काय होते? लेकींना बहुधा जागाच नसते आणि सुनांचे माहेर कोणी विचारत नाही.

म्हणून जाणते संशोधक वरून खाली कधी येत नाहीत. आपला जन्मदाखला, मग आईबापांचा विवाह, मग आजोबांचा मृत्यू, असे एकेक पायरीने मागे जातात. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते. पहिल्या सहा खेपांना फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येऊ लागले. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द नीट वाचावा. १८५० आणि १८६० साली गुलामांच्या याद्या वेगळ्या झाल्या. त्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली वय, स्त्री की पुरुष, वर्ण, एवढेच. गुलामगिरी संपल्यावर १८७० च्या गणतीत ही माणसे प्रथमच नावानिशी उमटली. त्यांचा पणतू शोधायला बसला की बहुतेक वेळा त्या सालाशी येऊन थांबतो. पुढे जायचे तर त्याला मालकाची मृत्युपत्रे चाळावी लागतात. गुरे-भांडी यांच्या यादीत कुठे आपल्या खापरपणजीचे नाव लागते का, ते पाहावे लागते.

एलिझाबेथचेही मृत्युपत्र उपलब्ध आहे. १६८६ च्या डिसेंबरात, ऐंशीला टेकलेली असताना तिने ते केले. पिसांची गादी, चादरी, धर्मग्रंथ असे एकेक जिन्नस तिने मुलानातवंडांना नावे घेऊन वाटून दिले आहेत. त्यात गव्हर्नर कार्व्हर कुठेही नाहीत.