कार्बन स्वस्त, मेंब्रेन महाग

उन्हाळा लागला की या स्तंभाकडे एक तक्रार हमखास येते. डिस्कस मासे काळवंडलेत, कोपऱ्यात उभे राहतात, खात नाहीत. आणि आरओ तर गेल्याच वर्षी बसवलाय. मी उलट विचारतो, त्यातला कार्बन फिल्टर कधी बदलला होता? बहुतेकांना आठवत नाही.

सगळी चिंता मेंब्रेनची होते, कारण ती महाग. पण तिचा जीव कार्बनच्या हातात असतो. लोएब आणि सौरीराजन यांनी १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवलेली पहिली उपयोगी मेंब्रेन सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. ती थोडंफार क्लोरीन सोसायची. आज आपल्या घरात आहे ती पॉलिअमाइडच्या अतिपातळ थराची. ती क्षार उत्तम अडवते, पण क्लोरीनने झिजते, आणि झिजलेली मेंब्रेन पुन्हा सुधारत नाही. क्लोरीन तिच्या आधीच अडवतो तो कार्बन. म्हणजे कार्बनचे काही रुपये वाचवायला जावं, तर मेंब्रेन जाते आणि मासेही धोक्यात येतात.

कार्बन संपला का, हे पाहायला टीडीएस मीटरचा उपयोग नाही. तो विरघळलेले क्षार मोजतो, क्लोरीन त्याला दिसतच नाही. गावोगावचे जलसुरक्षक क्लोरोस्कोपमध्ये जे क्लोरीनने पिवळं होणारं ओटी द्रावण वापरतात, तेच घ्या. नळाचं पाणी तपासून पाहा, मग आरओच्या वेस्टच्या नळीतलं. वेस्टचं पाणी मेंब्रेनला घासून येतं, त्यामुळे ते पिवळं झालं तर कार्बन संपला आहे, हे नक्की. सर्व्हिसवाल्याच्या कार्डावर पुढची तारीख काहीही असो.

मीटर लागतो मेंब्रेनसाठी. आत जाणारं पाणी ६०० टीडीएसचं आणि बाहेर येणारं १८चं, म्हणजे ९७ टक्के क्षार अडले. हा आकडा वहीत लिहून ठेवा. तो ९० टक्क्यांखाली गेला की मेंब्रेन बदलायची वेळ आली. मात्र आरओ सुरू करताक्षणी मोजू नका. मशीन बंद असताना क्षार हळूहळू मेंब्रेनपलीकडे झिरपतात, म्हणून पहिली काही मिनिटं आकडा चढाच दिसतो. ते पाणी टाकीत घालूच नये. बादलीत धरून फरशीला वापरावं.

स्वयंपाकघरातल्या आरओवर टाकी चालवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. त्यात टीडीएस अ‍ॅडजस्टर असतो आणि तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. पिणाऱ्याला चव बरी लागते, पण अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या माशांसाठी आपण जे काढलं, तेच परत येतं. माशांच्या टाकीचं पाणी या अ‍ॅडजस्टरच्या, आणि क्षार परत घालणारी मिनरल कँडल असेल तर तिच्याही, आधीच काढून घ्यावं.

नुसतं आरओचं पाणीही नको. त्यात कार्बोनेट जवळपास नसल्याने पीएच एकाएकी कोसळू शकतो. ६०० टीडीएसच्या बोअरचा एक भाग आणि २० टीडीएसच्या आरओ पाण्याचे पाच भाग मिसळले, तर मिश्रण ११५च्या आसपास येतं. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी भरायला मात्र शुद्ध आरओच हवं, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात.

मुंबईत तानसा-भातसाचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: गप्पी, मॉली, गोल्डफिशसाठी आरओ घेऊच नका. ते पाणी मुळातच मऊ. क्लोरीन काढलं की पुरे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये, पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओ नको, असं म्हटलं होतं. माशांच्या बाबतीतही मला ते पटतं. सोसायटीत टँकर सुरू झाला की मात्र दर खेपेला मीटर बुडवा. एकाच आठवड्यात दोन विहिरींचं पाणी येऊ शकतं.

बोअरवाल्यांना क्लोरीनची भीती नाही, कॅल्शियमची आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर वेस्ट जातं, ते पाहून जीव हळहळतो आणि माणसं वेस्टची नळी आवळतात. तसं केलं की क्षार मेंब्रेनवरच थर धरतात. नळी मोकळी ठेवा आणि पाणी साठवा. ६००च्या बोअरचं वेस्ट ८००च्या घरात जातं. फरशी, संडास, गाडी धुवायला ते चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साचतात.