उशिरा बोलणारें मूल आणि शाळेचें कर्तव्य

जें मूल उशिरा बोलूं लागतें, त्यास शाळेंत मागच्या बांकावर बसवावयाचें आणि वर्षअखेर कमी गुणांबद्दल पालकांस बोल लावावयाचा, हा प्रघात आम्हांस सर्वस्वी गैर वाटतो. उशिरा बोलणें म्हणजे मंदबुद्धि नव्हे. कित्येकदां दोष बुद्धींत नसून कानांत असतो. म्हणून प्रथम श्रवणपरीक्षा व्हावी.

दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ सालच्या कायद्यानें २१ प्रकार गणिले असून त्यांत श्रवणदोष, वाचा व भाषा यांचा दोष आणि स्वमग्नता हीं आहेत. मान्यताप्राप्त शाळांनीं अशा मुलास भेदभाव न करितां प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणें सोयी कराव्या आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावें, असा त्याच्या १६ व्या कलमाचा आशय आहे. मात्र हें घडवून आणण्यासाठीं सरकारनें व स्थानिक संस्थांनीं झटावें, एवढेंच कलम म्हणतें. ‘झटावें’ या शब्दाच्या आडोशास आळस सुखानें निजतो; त्यास जागें करणें हें लोकमताचें काम होय.

आमचे व्यापारी वाचक जाणतात कीं, रोजकीर्दीवांचून ताळेबंदास अर्थ नाहीं. काल खुणेनें पाणी मागणारें मूल आज ‘पाणी’ म्हणालें, ही जमा गुणपत्रकांत कोठें मांडावी? तिच्यासाठीं शिक्षकानें स्वतंत्र वही ठेवावी आणि तुलना शेजारच्या मुलाशीं न करितां त्याच मुलाच्या मागील महिन्याशीं करावी. पालकांनींही पुढच्या सभेस गुण विचारण्यापूर्वीं ती वही मागावी.