पलटण कोणाची, पगार कोणाचा?

कुमाऊँ रेजिमेंटचे नाव ऐकले की हिमालय डोळ्यांपुढे येतो. १९४७ साली बडगाम येथे धारातीर्थी पडलेले, परमवीर चक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा तिच्या चौथ्या पलटणीतले. पण त्या पलटणीचे मूळ वऱ्हाडात, एलिचपुरास आहे. आणि १९२२ पासून १९४५ पर्यंत ही रेजिमेंट 'हैदराबाद रेजिमेंट' म्हणूनच ओळखली जात होती. आपल्या मुधोळ-नांदेडकडील किती घराण्यांना हे ठाऊक आहे?

रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या वेळी, १८१३ साली, हैदराबादेत रसेल ब्रिगेड उभी राहिली. पुढे ती आणि वऱ्हाडच्या पलटणी मिळून 'हैदराबाद कंटिंजंट' झाले. व्यवस्था मोठी चमत्कारिक होती. फौज नावाने निजामाची, अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि खर्च रयतेचा! वर्षाकाठी सुमारे ४० लाख रुपये लागत. ते भागविण्यासाठी राजा चंदूलाल यांनी पामर कंपनीचे कर्ज जबर व्याजाने काढले आणि परगणे मक्त्याने दिले. मक्तेदाराने आपली भरपाई कुणब्याच्या खळ्यावरून केली, हे सांगावयास नकोच.

आणि ही फौज लढली कोठे? जानेवारी १८१९ मध्ये हदगावकडील नाव्हा येथे तिने हटकर नायक नोवसाजी यांच्या गढीस वेढा घातला. आतील बहुतेक शिबंदी मारली गेली. ते नाव पुढे पलटणींच्या सन्मानांत दाखल झाले. ज्या मुलखाच्या पैशावर पलटण पोसली, त्याच मुलखावर ती चालून गेली.

खर्चाची बाकी तुंबली, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ साली वार्षिक २५ लाखांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाले. फौज गेली, वऱ्हाड मात्र परत आले नाही.

कोणी म्हणेल, शिपायाच्या शौर्यात जमाखर्च कशाला आणता? शिपायाच्या शौर्याबद्दल वाद नाही. परंतु या फौजेचा इतिहास मेजर बर्टन यांनी १९०५ साली लिहिला, तो अंमलदाराच्या बाजूचा. गावाची बाजू जर कोठे असेल, तर ती देशमुख-देशपांडे-कुळकर्ण्यांच्या मोडी दप्तरांत. मुधोळ तालुका १९५६ मध्ये नांदेडातून आदिलाबादेत गेला, २०१६ पासून तो निर्मळ जिल्ह्यात आहे. मुलांचे शिक्षण तेलुगू-इंग्रजीत होते. मोडी वाचणारा शोधावा लागतो. माळ्यावरचे रुमाल वाळवीच्या हवाली करण्यापूर्वी ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत, नकला हैदराबादच्या दप्तरखान्यात द्याव्यात. पलटणीचे सन्मान पलटणीने जपले. तिचा हिशेब जपणे आपल्या घराण्यांचे काम आहे.