आवक क्रमांक मिळाले, उत्तराचं काय?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ,
आमचं महाविद्यालय, जिल्हा पालघर.

विषय : विहिरींच्या पाण्याच्या तपासणीच्या संयुक्त सेवा प्रकल्पाला परवानगी मिळण्याबाबत (अर्ज अकरावा).
संदर्भ : आमचे आधीचे दहा अर्ज, पैकी पहिला दि. १५ जुलै २०२४. आपलं उत्तर : निरंक.

महोदय,

वर संस्थेचं नाव घातलेलं नाही. प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर ते पुरेसं मोठं आहे. त्या फ्लेक्सवर दोन देशांचे झेंडे आहेत, मधोमध आपण आहात आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय सामंजस्य करार’ अशी अक्षरं आहेत. मार्च २०२४ पासून तो तिथेच आहे. दोन पावसाळ्यांत नेदरलँड्सच्या झेंड्यातला लाल पट्टा गुलाबी झालाय, आपला कोट मात्र अजून काळाच आहे.

त्या कराराचं चौथं कलम ‘दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा संयुक्त सेवा प्रकल्प’ असं आहे. आपण सही केलीत म्हणजे ते वाचलं असेलच, असं आम्ही धरून चाललो. चूक आमची.

प्रकल्पाची माहिती परत देत नाही. दहा वेळा दिली आहे, तीन वेळा रंगीत झेरॉक्ससकट. आता फक्त हिशेब देते. संस्थेची वाणिज्य शाखा जुनी आणि नावाजलेली आहे, हिशेब आपल्याला कळेल.

महिने चौदा. अर्ज दहा. आवक क्रमांक दहा, जावक क्रमांक शून्य. कार्यालयात मारलेल्या खेपा सतरा. त्यांतल्या नऊ वेळा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, पाच वेळा ‘फाईल वर गेलीय’ आणि तीन वेळा ‘फाईल खाली आलीय’. नेदरलँड्सच्या मुलांबरोबर व्हिडिओवर बसलेले शनिवार एकतीस. यादी केलेल्या विहिरी शेहेचाळीस, नवापूरपासून मुरब्यापर्यंतच्या किनाऱ्यावरच्या. आमच्या गटात मुलं-मुली एकोणीस. त्यांतली आठ पदवी घेऊन बाहेर पडली, एक तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतच केमिस्ट म्हणून लागला. तिकडून जानेवारी २०२५ मध्ये येणारे सात जण, त्यांची रद्द झालेली तिकिटं सात. त्यांच्या प्राध्यापिकेने आपल्याला पाठवलेले ईमेल सहा. आपल्याकडून त्यांना गेलेलं उत्तर एक. ते दिवाळीच्या शुभेच्छांचं होतं, बोधचिन्हासकट.

आता आपल्या हरकतींकडे येते. त्याही तोंडीच कळल्या, कारण लेखी काही द्यायचं नाही ही संस्थेची शिस्त दिसते.

पहिली हरकत पैशाची. ‘परदेशी पैसा आहे, भानगड नको.’ बरोबर आहे. आम्ही परकीय योगदानाचा २०१० चा कायदा वाचला, २०२० ची दुरुस्तीही वाचली. नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी पैसा आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या एकाच शाखेत उतरावा लागतो. मग आम्ही ठरवलं की एक युरो घ्यायचा नाही आणि एक काचेची नळीसुद्धा घ्यायची नाही. तिकडच्या मुलांनी केक विकून जमवलेले पैसे त्यांच्याचकडे ठेवायला सांगितले. इथे गणपतीत आरास कमी केली आणि मोजमापाचं साहित्य वर्गणीतून घेतलं.

दुसरी हरकत व्हिसाची. तेही तपासलं. विनामोबदला, थोड्या दिवसांची स्वयंसेवा, जास्तीत जास्त एक महिना, पर्यटन व्हिसावर चालते. ते बाराच दिवस येणार होते. ज्या घरात उतरतील त्या घरमालकाने चोवीस तासांत फॉर्म सी भरायचा होता, तो कसा भरायचा हे आमच्यातल्या दोघी शिकून आल्या.

तिसरी हरकत : ‘पाण्याचे नमुने परदेशात जाणार का?’ नाही, महोदय. एक थेंबही जाणार नव्हता. नमुने आमच्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासायचे होते. क्लोराइड काढायचं म्हणजे पाण्यात पोटॅशियम क्रोमेट टाकायचं, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि पिवळा रंग विटकरीकडे झुकला की हात थांबवायचा. हे प्रात्यक्षिक आपल्याच अभ्यासक्रमात आहे. आम्ही ते नळाच्या पाण्यावर करतो, कारण पुस्तकात तसं लिहिलंय. विहिरीच्या पाण्यावर केलं तर त्याचा ‘प्रकल्प’ होतो आणि मग परवानगी लागते.

तिन्ही हरकती संपल्यावर चौथी आली नाही. सल्ला आला. ‘त्यापेक्षा वृक्षारोपण करा ना. परदेशी पाहुण्यांच्या हस्ते करा. फोटो चांगले येतात.’

महोदय, या परिसराला परदेशी भागीदारीचं वावडं कधीच नव्हतं. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिकेचा करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने तारापूरला दोन अणुभट्ट्या बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथून व्यापारी तत्त्वावर वीज निघू लागली. पुढे अमेरिकेने इंधन अडवलं, तेव्हा फ्रान्सने दिलं. मग चीनने दिलं, मग रशियाने. म्हणजे समृद्ध युरेनियम चार देशांतून, हैदराबादमार्गे, तारापूरला पोचलं. आमचा कागद तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चौदा महिन्यांत पोचला नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान पालघरला आले आणि ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी करून गेले. त्या दिवशी आमच्या अर्जाला साडेसहा आठवडे झाले होते. बंदर मार्गी लागलं.

आणि योगायोग बघा, राष्ट्रीय सेवा योजनाही १९६९ चीच. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबरला सुरू झालेली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. माझे दोनशे चाळीस तास भरले आहेत. त्यांतले किती तास व्यासपीठासमोरच्या खुर्च्या भरायला गेले, हे विचारू नका.

परदेशातली माणसं इथे फावडं उचलायला येणं हेही नवं नाही. १९३४ च्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता बिहारला आला आणि मोडलेली गावं पुन्हा उभी करायला गावकऱ्यांबरोबर राबला. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. त्यांनी येऊ दिलं.

आता नेदरलँड्सच्या त्या मुलांविषयी, कारण ‘गोऱ्यांना गरिबी बघायला यायचंय’ असं कार्यालयात कुणीतरी आमच्यासमोर म्हणालं. सुरुवातीला त्यांची कल्पना खरंच बावळट होती, आणि आमचीही. गावात पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायचं, फीत कापायची. जून २०२४ मध्ये विहिरींची यादी करत फिरताना एका आजीच्या अंगणातून आम्ही त्यांना व्हिडिओ लावला. फोन विहिरीवर ओणवा धरला. आजीने पोहरा सोडला, दोर किती गेला ते हातांनी मोजून सांगितलं, मी ते इंग्रजीत सांगितलं. मग यंत्राचं सांगितलं. आजी म्हणाली, ‘बिघडलं तर कोण येणार, ही पोर का?’ फोनमधली पोर हसली, मग गप्प झाली. यंत्र तिथेच बारगळलं.

मग आजी जे बोलली तोच आमचा प्रकल्प आहे. ती म्हणाली, ‘बाटल्या भरून न्यायला खूप जण आले. कुणी पँटवाले, कुणी जीपवाले. पाण्यात काय निघालं ते सांगायला एक परत आला नाही.’

परत यायचं. एवढंच ठरवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी शेहेचाळीस विहिरींचं पाणी घ्यायचं, सामू, क्षार आणि क्लोराइड मोजायचं, आणि आकडा त्याच विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहायचा, सोबत पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानकही. सामू साडेसहा ते साडेआठ. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. ज्याला वाचता येतं तो वाचेल, वाचता येत नाही त्याला नातू वाचून दाखवेल.

तिकडची मुलं त्याच रविवारी झीलंड प्रांतात शेतांच्या चरांचं पाणी मोजणार होती. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरतं ही त्यांचीही डोकेदुखी आहे. दोन किनारे, एक तक्ता. त्यांनी वाट न पाहता जानेवारीत सुरुवात केली. तक्ता माझ्या फोनमध्ये आहे. डावीकडच्या रकान्यात झीलंडचे नऊ महिने भरलेत, उजवीकडे ‘पालघर’ असं शीर्षक आणि खाली पांढरं. दर महिन्याला त्यांची एक जण संदेश पाठवते, ‘नाही म्हणालं कोण?’ मी कळवते, नाही असं कुणीच म्हणालेलं नाही. हे वाक्य तिला कळत नाही. तिच्या देशात नाही म्हणायचं असेल तर म्हणतात. इथे फाईल ठेवून घेतात.

का ठेवून घेतात, ते आता मी बोलते. अर्जात बोलता येत नव्हतं.

आपल्या विश्वस्तांपैकी काहींचे कारखाने वसाहतीत आहेत. सभागृहाच्या खुर्च्या, वाचनालयाचे पंखे, प्रयोगशाळेतली कपाटं, सगळ्यांवर देणगीदारांच्या पाट्या आहेत. त्याबद्दल आभारच. पण ज्या हाताने कपाट दिलं त्याच हातात कपाटाची किल्ली असेल, तर आतल्या ब्युरेटने काय मोजायचं हेही तोच हात ठरवतो. आमच्या अर्जावर शाईने काही लिहिलेलं नाही, पेन्सिलीने लिहिलंय. सहाव्या अर्जाच्या कोपऱ्यात एक शब्द आहे, ‘संवेदनशील’. खोडायला कुणीतरी विसरलं.

संवेदनशील काय आहे? कोणतं गुपित फुटणार आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ च्या मूल्यमापनात देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. तारापूरला ९३.६९ मिळाले. देशात पहिला नंबर. एवढे गुण आपल्या महाविद्यालयात कुणाला पडले असते तर गेटवर त्याचा फ्लेक्स लागला असता. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद या प्रदूषणाविरुद्ध २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला कोट्यवधींची भरपाई ठोठावली. हे सगळं छापून आलंय, जगजाहीर आहे. आमचे आकडे त्यापुढे काय? कदाचित आमच्या विहिरी चांगल्या निघतील. कदाचित पाण्यात फक्त समुद्राचं मीठ असेल, रसायन नसेल, आणि कारखानदारांनाच तो तक्ता चौकटीत लावावासा वाटेल. मोजल्याशिवाय कुणाला कळणार? आपण मोजायच्या आधीच घाबरलात. म्हणजे उत्तर आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, असं कुणी म्हटलं तर मी काय सांगू?

पुढच्या वर्षी नॅकची समिती येईल. तिसऱ्या निकषात विस्तारकार्य आणि सहकार्य विचारतात. तेव्हा हा करार फाईलमधून निघेल, झेंड्यांचा फोटो निघेल, आणि आमच्यापैकी चौघींना साड्या नेसवून स्वागताला उभं केलं जाईल. समितीने मला विचारलंच तर मी खोटं बोलणार नाही. धमकी समजू नये, आगाऊ सूचना समजावी.

मागणी एकच आहे. हो किंवा नाही, एका ओळीत, सही आणि जावक क्रमांकासह. नाही असेल तरी चालेल. निदान झीलंडला कळवायला माझ्याकडे एक वाक्य असेल.

तोवर आम्ही थांबत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात करतोय. प्रयोगशाळा आपली, ती मिळणार नाही, म्हणून क्लोराइड सध्या राहील. सामूच्या पट्ट्या आणि क्षार मोजायचं पेनासारखं मीटर आमचं आहे, विहिरी गावाच्या आहेत, आणि त्यांतली एक माझ्या घराची आहे. तिचं पाणी मोजायला मला गोल शिक्का लागत नाही. महाविद्यालयाचं नाव कुठे येणार नाही, राष्ट्रीय सेवा योजनेचे तासही धरले जाणार नाहीत.

आजीच्या विहिरीच्या कठड्यावर गेल्या वर्षी आम्ही चुन्याचा चौकोन काढून ठेवला होता, आकड्यासाठी. पावसात धुपला की ती पुन्हा मारते. गणपतीआधी तिने तिसऱ्यांदा मारला. मी विचारलं, रिकाम्या चौकोनाला कशाला चुना? म्हणाली, ‘तू येणार म्हणालीस ना.’

आपली,
तृतीय वर्ष विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी
(आणि उरलेले दहा जण)

प्रत माहितीसाठी : आवक-जावक विभाग. अकरावा क्रमांक द्यावा, ही विनंती.