टाकीतला गंज आणि आपलं 'जपणं'

परवा एका लग्नात मामांनी विचारलं, "बाबांची येझदी अजून आहे का रे?" आहे म्हटल्यावर कौतुक झालं, "छान जपलीस हो!" मी गप्प बसलो. कारण ती जपलेली गाडी सहा पावसाळे कव्हराखाली उभी होती. टाकीचं झाकण उघडलं तर आत विटेच्या चुऱ्यासारखा गंज... आणि खाली सुईएवढं भोक.

माझं स्पष्ट मत आहे मंडळी, गाडी न वापरता ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. अर्धी रिकामी टाकी हवा आत घेते, पावसाळ्यात त्या हवेतलं पाणी पत्र्यावर जमतं आणि तळाशी बसतं. आताच्या पेट्रोलमध्ये तर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि फार झालं की पाण्यासकट तळाशी वेगळं होतं. म्हणून गाडी चालवत असाल तर टाकी भरलेली ठेवा. काही महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आत टू-स्ट्रोक ऑइल फिरवा.

दुसरा राग त्या 'आतून कोटिंग मारून घ्या' सल्ल्याचा. गंजावर मारलेलं कोटिंग टिकत नाही. त्याचे पापुद्रे सुटतात आणि कॉक चोंदतो. आमच्या एका मेकॅनिकने तर संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतायला सांगितलं होतं! ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं.

त्यापेक्षा सायट्रिक अ‍ॅसिड आणा. लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम या हिशोबाने टाकी एक दिवस भरून ठेवा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि लगेच गरम हवेने वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. वाळली की ऑइल फिरवा. भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी पेट्रोलची वाफ पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर स्फोट होतो.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तशी टाकी तिथून पुन्हा येणार नाही. बाबा दर रविवारी येझदी बाहेर काढायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

असो. काका, तुमची राजदूतही मागच्या खोलीत आहे ना? या रविवारी झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत बघा. काडी पेटवून नव्हे!