ग्रंथावरील नाव

हेन्री वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करण्यास गोमंतकीय पंडित धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. शीर्षकपृष्ठावरील श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२ साली ते परतले. पेढीवरील नावापायी भागीदारी फुटते, हे व्यापाऱ्यांस नवे नाही. येथे तर ग्रंथ चित्तशुद्धीचा! तरीही कोसंबी त्याच कामासाठी पुन्हा हार्वर्डला गेले.

१९४० साली त्यांची देवनागरी आवृत्ती जोगेश्वरीलगतच्या अंधेरीतून, भारतीय विद्या भवनातर्फे निघाली. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर लिहिणाऱ्या कोसंबींनी १९४७ साली सेवाग्रामात आहारत्यागाने देह ठेवला. हार्वर्डची प्रत १९५० साली आली: संपादक वॉरन, सुधारणा कोसंबी.